पॅट्रिक गॅसची लेक? एका वंशावळीच्या शोधाच्या नोंदी

७ जानेवारी २०२४, रविवार. पिट्सबर्ग

नातवाला शाळेतून वंशावळीचा मोठा कागद मिळाला आहे. त्याची उजवी बाजू आज दुपारी तासाभरात भरली. सासऱ्यांनी फार पूर्वी नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या बाडातून नऊ पिढ्या उतरवून आणल्या होत्या, ती वही माझ्याबरोबर इथे आली आहे. डावी बाजू सूनबाईच्या माहेरची. तिथे पाच पिढ्या आहेत आणि त्यांच्या वर एकच नाव, पेन्सिलीने लिहिलेलं: पॅट्रिक गॅस.

विहीणबाईंकडे त्यांच्या आईच्या हातचा एक चिठोरा आहे. त्यावर लिहिलंय की त्यांची खापरपणजी ही ‘लुईस आणि क्लार्कबरोबर पॅसिफिक महासागरापर्यंत चालत गेलेल्या शिपायाची मुलगी’. लुईस आणि क्लार्क म्हणजे १८०४ ते १८०६ मध्ये सरकारने खंड ओलांडून पश्चिमेच्या महासागरापर्यंत धाडलेल्या मोहिमेचे दोन म्होरके. खापरपणजी वारली १९०८ मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या वॉशिंग्टन काउंटीत. पिट्सबर्गच्या नैर्ऋत्येला, इथून तासाभराच्या अंतरावर.

नातवाने विचारलं, “आजी, हे खरं आहे का?” मी म्हटलं, बघू या. काम मी अंगावर घेतलं आहे. एक नियम आजच ठरवला: नाव सापडलं म्हणून लगेच मानायचं नाही. ते कुणी लिहिलं, कधी लिहिलं आणि लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं, हे आधी बघायचं.

९ जानेवारी

आधी माणूस नीट समजून घेतला.

पॅट्रिक गॅस, जन्म १२ जून १७७१, पेनसिल्व्हेनियातल्या चेंबर्सबर्गजवळ फॉलिंग स्प्रिंग्ज इथे. घराणं आयर्लंडच्या उत्तरेकडून आलेल्या स्कॉट लोकांचं. बापाचं नाव बेंजामिन. शाळा जवळजवळ नाहीच. पेशाने सुतार. चरित्रकार सांगतो की तरुणपणी त्याने मर्सर्सबर्गला एका व्यापाऱ्याच्या घराचं काम केलं. त्या व्यापाऱ्याचा लहान मुलगा म्हणजे पुढे अमेरिकेचा पंधरावा अध्यक्ष झालेला जेम्स ब्युकॅनन.

१८०३ च्या अखेरीस गॅस इलिनॉयमधल्या कास्कास्कियाच्या ठाण्यावर कॅप्टन रसेल बिसेलच्या हाताखाली होता. कप्तान या सुताराला सोडायला तयार नव्हता. गॅस थेट मेरिवेदर लुईसला जाऊन भेटला आणि मोहिमेत शिरला. २० ऑगस्ट १८०४ रोजी सार्जंट चार्ल्स फ्लॉइड आजच्या आयोवातल्या सू सिटीजवळ वारला. संपूर्ण मोहिमेत आजाराने गेलेला तो एकटाच. त्याच्या जागी कोण, यासाठी शिपायांनी मतं दिली आणि १९ मतांनी गॅस निवडून आला. मिसिसिपीच्या पलीकडे अमेरिकी लोकांनी घेतलेली ही पहिली निवडणूक, असं पुष्कळ जण म्हणतात. पुढे फोर्ट मँडन आणि फोर्ट क्लॅट्सप या दोन्ही हिवाळी गढ्या उभारताना त्याची सुतारकी कामी आली.

मोहिमेची छापून आलेली पहिली रोजनिशी त्याचीच, १८०७ मध्ये इथे पिट्सबर्गला प्रसिद्ध झाली. लुईस-क्लार्कचा अधिकृत वृत्तांत यायला १८१४ उजाडलं. पण डेव्हिड मकीहान नावाच्या पुस्तकविक्रेत्याने गॅसची भाषा पार बदलून टाकली, आणि मूळ हस्तलिखित हरवलं. म्हणजे छापील पुस्तकात प्रवास गॅसचा आहे, शब्द दुसऱ्याचे.

तो गेला २ एप्रिल १८७० ला, वेस्ट व्हर्जिनियातल्या वेल्सबर्ग गावी, वयाच्या ९८ व्या वर्षी. त्या तुकडीतला मागे राहिलेला शेवटचा माणूस.

वेल्सबर्ग आणि वॉशिंग्टन काउंटी एकमेकींना लागून आहेत. कुटुंबातल्या गोष्टीला भूगोल तरी अनुकूल आहे.

२० जानेवारी, शनिवार

दिवसभर नकाशे. गॅस कुटुंबाचे कागद शोधायचे तर कुठल्या कचेरीत, इथेच मी आठवडाभर अडले होते.

फॉलिंग स्प्रिंग्ज आज फ्रँकलिन काउंटीत आहे. ही काउंटी कंबरलँडमधून फुटून निघाली ती सप्टेंबर १७८४ मध्ये. गॅस जन्मला तेव्हा गाव कंबरलँडमध्ये होतं. म्हणजे बापाच्या जमिनीचे आणि कराचे जुने कागद चेंबर्सबर्गच्या कचेरीत मागायचे नाहीत, कार्लाइलला मागायचे. आपल्याकडे जिल्हे फुटले की जुने फेरफार कुठल्या तहसिलीत राहिले हे विचारत फिरावं लागतं, तशातलीच गत.

पुढे कुटुंब डोंगर ओलांडून पश्चिमेला आलं, कॅटफिश कॅम्पला. आज त्या गावाला वॉशिंग्टन म्हणतात. हा सगळा पट्टा पेनसिल्व्हेनियाचा की व्हर्जिनियाचा, यावर दोन्ही सरकारांचा वाद होता. व्हर्जिनियाने १७७६ मध्ये इथे तीन काउंट्या थाटल्या: ओहायो, मोनोंगेलिया आणि योहोगेनिया. पेनसिल्व्हेनियाने १७८१ मध्ये त्यातल्याच बऱ्याचशा भूभागावर आपली वॉशिंग्टन काउंटी केली. सीमारेषा प्रत्यक्ष आखून झाली १७८५ पर्यंत. योहोगेनिया तर आज नकाशावरच नाही. त्यामुळे त्या काळातल्या एकाच शेतकऱ्याचा कर एका राज्यात आणि दावा दुसऱ्या राज्यात सापडू शकतो.

वेल्सबर्गचा गोंधळ याहून मोठा. ओहायो नदीकाठचं हे गाव १७९१ मध्ये चार्ल्सटाउन या नावाने वसलं, १८१६ मध्ये त्याचं वेल्सबर्ग झालं. तेव्हाच्या व्हर्जिनियात, आजच्या वेस्ट व्हर्जिनियाच्या हद्दीतच, आणखी एक चार्ल्स टाउन होतं, जॉर्ज वॉशिंग्टनच्या भावाने वसवलेलं, पार पूर्वेला. शिवाय कनावा नदीवरचं चार्ल्सटन, आजची राजधानी. इंटरनेटवरच्या निदान दोन वंशावळींत गॅसला चुकीच्या चार्ल्स टाउनमध्ये बसवलेलं मी आज पाहिलं. आणि वेल्सबर्गची ब्रूक काउंटी ही १७९६ च्या कायद्याने ओहायो काउंटीतून वेगळी झालेली. त्याआधीचं दफ्तर ओहायो काउंटीचं.

१८६३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया वेगळं राज्य झालं. गॅस नव्वदी पार करून घरात बसला होता आणि त्याचं राज्य बदललं.

रात्री भिंतीवर एक कागद चिकटवला. डाव्या रकान्यात साल, उजव्या रकान्यात त्या सालात वेल्सबर्ग कुणाच्या हद्दीत होतं ते. आता प्रत्येक शोधाआधी तिकडे एकदा बघायचं.

३ फेब्रुवारी, शनिवार

सैन्याचे कागद. शिपाई म्हटल्यावर हे सोपं जाईल अशी माझी समजूत होती.

गॅस पहिल्यांदा रीतसर सैन्यात भरती झाला १७९९ मध्ये, फ्रान्सशी युद्ध होईल या धास्तीने उभारलेल्या फौजेत. पुढच्याच वर्षी, ८ नोव्हेंबर १८०० ला, युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि तोवरचे जवळजवळ सगळे कागद गेले. अमेरिकेच्या सुरुवातीच्या सरहद्दीवरच्या कुठल्याही शिपायाचा माग काढणारा माणूस या तारखेपाशी येऊन थांबतो. १७९१ मध्ये अमेरिकी जनरल सेंट क्लेअरच्या फौजेचा धुव्वा उडाला, सहाशेहून जास्त माणसं एका सकाळी मेली. त्या मेलेल्यांच्या घरच्यांनाही याच आगीची झळ लागली आहे.

हा लढा कुणाच्या भूमीवर चालला होता ते लिहून ठेवते, कारण नातवाच्या शाळेच्या पुस्तकात ‘सरहद्द’ हा शब्द असा येतो जणू पलीकडे ओसाड रान होतं. ओहायो नदीच्या पलीकडे शॉनी, मायामी, लेनापी, वायंडॉट लोकांची गावं आणि मक्याची शेतं होती. सेंट क्लेअरला हरवलं ते लिटल टर्टल आणि ब्लू जॅकेट यांच्या माणसांनी, आपल्या गावांच्या रक्षणासाठी. पुढच्या वर्षी, १७९२ मध्ये, बेंजामिन गॅसची सरहद्दीवर पहाऱ्याला जायची पाळी आली. चरित्रकाराच्या सांगण्याप्रमाणे बापाच्या जागी पॅट्रिक गेला, यलो क्रीकच्या ठाण्यावर. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. घराण्याच्या इतिहासात त्याचं शिपाईपण इथून सुरू होतं: बापाच्या बदल्यात.

१८०० नंतरची वाट जरा मोकळी आहे. सैन्याच्या भरतीची मोठी नोंदवही आहे, १७९८ पासूनची, पुढे कारकुनांनी वेगवेगळ्या कागदांवरून एकत्र लिहिलेली. तिच्यात उंची, डोळे, केस, वर्ण, वय, धंदा, जन्मगाव, कुणी भरती केलं, कधी सुटला असे रकाने असतात. ज्या काळात फोटो नाही, त्या काळात पळून गेलेला शिपाई ओळखायला सरकारने हे लिहून घेतलं. आज ते वंशावळ शोधणाऱ्याच्या कामी येतं. पण त्या सगळ्या रकान्यांत बायकोचा नाही, मुलांचा नाही.

४ फेब्रुवारी

आजची गोष्ट लहान आहे, पण माझ्या दृष्टीने या महिन्यातली सर्वांत मोलाची.

शोधपेटीत ‘गॅस’ टाकलं की फार थोडं येतं. का ते आज एका मूळ कागदाचं चित्र मोठं करून बघितल्यावर कळलं. जुन्या इंग्रजी हस्ताक्षरात दोन ‘एस’ लागोपाठ आले की पहिला लांब काढत, खालीवर शेपूट असलेला, थेट ‘एफ’सारखा. नावांची सूची करणाऱ्यांनी त्याचं ‘गॅफ्स’ वाचलं, कुणी दोन्ही अक्षरं मिळून एक ‘पी’ समजलं आणि ‘गॅप’ लिहिलं. ही नावं टाकून शोधलं तर एकदम नोंदींचा ढीग आला.

मी पुण्याला असताना दोन वर्षं मोडी शिकले. तिथे आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की अक्षर वाचू नका, हात वाचा. एकाच कारकुनाची दहा पानं वाचा, मग अकरावं पान आपोआप लागतं. आज ब्रूक काउंटीच्या एका कारकुनाची बारा पानं वाचली. त्याचा ‘एल’ इतका बारीक आहे की ‘जी’च्या पोटातच जातो. हे लक्षात ठेवायचं.

२४ फेब्रुवारी, शनिवार

आता घर. म्हणजे गॅसचं लग्न आणि मुलं, कारण आमचा प्रश्न मुलीचा आहे.

ब्रिटनशी झालेल्या १८१२ च्या युद्धात गॅस पुन्हा लढला. जुलै १८१४ मध्ये नायगाराजवळच्या लंडीज लेनच्या लढाईत तो होता. त्याचा एक डोळा गेला. तो त्या लढाईत गेला असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. दुसऱ्या हकीकतीत १८१३ मध्ये गढीच्या बांधकामावर झाड पाडताना झालेल्या अपघातात गेला. मला दुसरी जास्त पटते. सुताराला झाडाने जायबंदी करणं ही गोष्ट कुणी रचून सांगणार नाही. लढाईत डोळा गेला ही मात्र कुणालाही सांगाविशी वाटेल. १८१५ मध्ये डोळ्यापायी त्याची सैन्यातून सुटका झाली आणि वर्षाला ९६ डॉलर पेन्शन लागली. महिन्याचे आठ.

मग तो वेल्सबर्गला परत आला आणि सोळा वर्षं एकटा राहिला. मिळेल ते काम केलं. १८३१ मध्ये, साठीला टेकलेला असताना, त्याने मराया हॅमिल्टनशी लग्न केलं. तिच्या बापाच्या, जॉन हॅमिल्टनच्या, घरी तो राहायला होता. ती त्याच्याहून चाळीसेक वर्षांनी लहान. त्यांना सात मुलं झाली, त्यातलं एक तान्हेपणीच गेलं.

मरायाबद्दल छापील मजकूर किती आहे ते मी आज मोजलं. जॉन जेकब नावाच्या वेल्सबर्गच्याच माणसाने १८५९ मध्ये, गॅस हयात असताना, त्याचं चरित्र छापलं. त्यावरूनच पुढच्या सगळ्यांनी लिहिलं. मराया कुणाची मुलगी, कधी लग्न, किती मुलं, कशाने गेली, एवढंच. ती १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धात गोवराने गेली आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्याच्या पदरात लहान मुलं राहिली. सात बाळंतपणं, एक मूल पुरलेलं, आजारपण, एक डोळा गेलेला म्हातारा नवरा आणि महिन्याचे आठ डॉलर. त्या घराचा इतिहास तिचा आहे असं मला फार वाटतं आणि तो तीन ओळींत संपतो.

१८३० आणि १८४० च्या जनगणनेत तर घरातल्या कर्त्याचंच नाव असे. बाकीची माणसं म्हणजे वयाच्या रकान्यांतले आकडे. ‘वीस ते तीसमधल्या स्त्रिया: १.’ १८४० ला मराया अशी एका आकड्यात आहे. प्रत्येक माणसाचं नाव लिहायची पद्धत १८५० ला आली, तीही गुलामीत नसलेल्यांपुरतीच. तोवर ती गेलेली होती. म्हणजे जनगणनेत तिचं नाव गॅसच्या घरात एकदाही नाही.

सासऱ्यांची वही काढून बघितली. नऊ पिढ्या, सगळे बाप आणि मुलगे. माझ्या सासूबाई त्यात आहेत, लग्नानंतर बदललेल्या नावाने. त्यांचं माहेरचं नाव मला ठाऊक आहे म्हणून मी आज त्यांच्यापुढे पेन्सिलीने लिहून ठेवलं.

९ मार्च, शनिवार

खापरपणजीचा मृत्यूदाखला मिळाला. पेनसिल्व्हेनियात मृत्यूदाखले राज्यभर सक्तीचे झाले १९०६ पासून. तीन वर्षं आधी गेली असती तर हा कागदच नसता.

दाखला सांगतो: स्त्री, विधवा, वय ७९. बापाचं नाव: गॅस. फक्त आडनाव. पहिल्या नावाच्या जागी ‘माहीत नाही’. आईचं नाव: माहीत नाही. माहिती देणारा: जावई.

‘पॅट्रिक’ नाही! विहीणबाईंच्या आईच्या चिठोऱ्यावर पॅट्रिक आहे, दाखल्यावर नाही. मधल्या पन्नास-साठ वर्षांत कुणीतरी रिकामी जागा भरली. वाईट हेतूने नव्हे. वेल्सबर्गच्या आसपास गॅस म्हटलं की एकच माणूस आठवतो.

आता वय. १९०८ मध्ये ७९, म्हणजे जन्म १८२९ च्या आगेमागे. जावयाला सासूचं वय नीट ठाऊक असेलच असं नाही, म्हणून १९०० ची जनगणना काढली. त्या वर्षी जन्माचा महिना आणि साल दोन्ही विचारलं होतं. तिथे तिचं आहे: मार्च १८२९. आणि तेव्हा ती हयात होती.

गॅसचं लग्न १८३१ चं. त्याआधी त्याचं लग्न झालेलं नव्हतं.

मी वही मिटून स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ चहा गाळायचं विसरले.

१० मार्च

विहीणबाईंना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की त्यांच्या आईने ही गोष्ट दर नाताळात सांगितली, एकदाही चुकवली नाही. मी त्यांना म्हटलं, तुमच्या आईने जे ऐकलं तेच प्रामाणिकपणे लिहिलं. त्यात खोटं काही नाही. पण त्यांच्या आवाजातला उतार मला ऐकू आला. माणसाच्या हातून पूर्वज काढून घेणं सोपं काम नाही.

“मग ती कुणाची?” असं त्यांनी शेवटी विचारलं. प्रश्न आता हा आहे, आणि माझ्या मते आधीच्यापेक्षा चांगला आहे. आतापर्यंत आम्ही एका प्रसिद्ध माणसाची मुलगी शोधत होतो. आता एका बाईचे आईबाप शोधतोय.

१६ मार्च, शनिवार

सापडली. १८५० ची जनगणना, वॉशिंग्टन काउंटी, व्हर्जिनियाच्या सीमेला लागून असलेला भाग.

गॅस, गॅफ्स, गॅप या नावांनी तिथे काहीच नव्हतं. तेव्हा सूची सोडून दिली आणि पानं एकेक करून वाचली, नवऱ्याच्या आडनावाच्या घरापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना. त्या काळी लग्नं बहुधा चालत जाता येईल एवढ्या अंतरात होत. नवऱ्याच्या घरापासून तिसरं घर: कर्ता ५८ वर्षांचा शेतकरी, जन्म आयर्लंड. त्याच्या खाली ४९ वर्षांची बाई. मग मुलं, त्यात २१ वर्षांची एक, आमच्या खापरपणजीच्या नावाची.

आडनाव सूचीकाराने ‘ग्लॅप’ लावलं होतं. मी आता तो लांब ‘एस’ ओळखते. ते ‘ग्लास’ आहे.

ग्लास आणि गॅस यांच्यात फरक एका ‘एल’चा. १९०८ च्या जावयाने काय सांगितलं आणि कारकुनाने काय ऐकलं ते दोघांबरोबर गेलं. पण एवढ्यावर पक्कं करता येत नाही. १८५० च्या जनगणनेत नातं लिहीत नसत, ते १८८० पासून. २१ वर्षांची ही मुलगी कर्त्याची लेक असेल, पुतणी असेल, कामाला ठेवलेलीही असेल. नाव सामान्य आहे. वय जुळतं, ठिकाण जुळतं, शेजार जुळतो. बापाचं नाव सांगणारा, तिच्या हयातीतला, एक कागद हवा.

पेनसिल्व्हेनियात लग्नाचे सरकारी परवाने सुरू झाले १८८५ मध्ये. त्यांचं लग्न तीस वर्षं आधीचं. चर्चची नोंद नसेल तर इथे वाट बंद.

२ एप्रिल, मंगळवार

आज गॅसला जाऊन १५४ वर्षं झाली. आमचं त्याच्याशी नातं नाही हे जवळजवळ ठरल्यावरही मी त्याच्या मागे आहे, आणि मला त्याचं कारण माहीत आहे. त्याच्या निमित्ताने मी त्याच्या सोबत्यांची नावं वाचत बसते.

काँग्रेसने १८०७ मध्ये मोहिमेतल्या शिपायांना दुप्पट पगार आणि प्रत्येकी ३२० एकर जमीन दिली. त्या यादीत यॉर्क नाही. यॉर्क क्लार्कचा गुलाम होता. तो महासागरापर्यंत गेला, परत आला, शिकार केली, आजाऱ्यांची शुश्रूषा केली. त्याला पगार नाही, जमीन नाही, परतल्यावर मोकळीकही नाही. त्याची बायको लुईव्हिलला दुसऱ्या मालकाकडे होती. गॅसच्या पणतवंडांना वाडवडिलांचे कागद मिळतात. यॉर्कच्या घरच्यांचा माग मालकाच्या पत्रांतून काढावा लागतो.

आणि सकागविया. तान्हं मूल पाठीवर घेऊन गेलेली शोशोनी मुलगी. पैसे आणि जमीन तिच्या नवऱ्याला, शार्बोनोला, मिळाली. डिसेंबर १८१२ मध्ये मिसुरी नदीवरच्या फोर्ट मॅन्युएलच्या कारकुनाने लिहून ठेवलं की शार्बोनोची बायको तापाने वारली. बहुतेक अभ्यासक ती सकागविया मानतात. शोशोनी लोकांत एक परंपरा आहे ती वेगळं सांगते, ती पुढे पुष्कळ वर्षं जगली असं. कारकुनाने नाव लिहिलं असतं तर हा वाद झाला नसता.

संध्याकाळी एक गोष्ट सुचली. आमची जोडी पेनसिल्व्हेनियात राहत होती, पण लग्न सीमेपलीकडे जाऊन लावलं असेल तर? व्हर्जिनियाने जन्म, मृत्यू आणि लग्न यांच्या नोंदीची पद्धत १८५३ मध्ये बदलली. नव्या लग्ननोंदीत वधू-वरांच्या आईबापांची नावं विचारत. वेल्सबर्ग त्यांच्या शेतापासून घोड्यावर सकाळी जाऊन रात्री परत येण्याच्या अंतरावर आहे. भिंतीवरचा कागद पाहिला: १८५० च्या दशकात, ब्रूक काउंटी, व्हर्जिनिया. नोंदवह्यांच्या प्रती आज वेस्ट व्हर्जिनियाच्या राज्य अभिलेखागारात.

६ एप्रिल, शनिवार

ब्रूक काउंटीची लग्नाची नोंदवही, १८५५. वर आणि वधू दोघांची नावं, वयं, गावं. वधूचं आडनाव ग्लास, इतकं स्वच्छ लिहिलेलं की ‘एल’वर बोट ठेवता येतं. बापाचं नाव १८५० च्या त्या शेतकऱ्याचंच. आईचं नावही तिथल्या ४९ वर्षांच्या बाईचंच, म्हणजे ती लेकच.

विहीणबाईंना पानाचं चित्र पाठवलं. पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला. त्यांनी आधी आईचं नाव मोठ्याने वाचलं. त्यांच्या धाकट्या बहिणीचं नाव तेच आहे, आणि ते कुणाच्या नावावरून ठेवलं ते घरात कुणालाच माहीत नव्हतं.

१३ एप्रिल, शनिवार. वेल्सबर्ग

आम्ही पाचही जण आलो: मुलगा, सूनबाई, नातू, विहीणबाई आणि मी. नातवाला तरीही गॅसची कबर बघायची होती. टेकडीवरची ब्रूक सिमेटरी, खाली ओहायो नदी. त्याने दगडावरची अक्षरं वाचली आणि त्यातला ‘एस’ साधाच आहे म्हणून जरा हिरमुसला. विहीणबाईंनी घरून आणलेली डॅफोडिल तिथे ठेवली. म्हणाल्या, साठ वर्षं आम्ही याला आपला म्हटलं, आता एकदम परका कसा म्हणू?

उतरताना नातवाने गाडीतच कागद उघडला. ‘पॅट्रिक गॅस’ खोडरबराने पुसलं. तिथे शेतकऱ्याचं नाव लिहिलं, ग्लास. शेजारच्या चौकटीत त्याच्या बायकोचं पहिलं नाव लिहिलं आणि थांबला.

“आजी, हिचं माहेरचं आडनाव?”

लग्ननोंदीत ते नाही. १८५० मध्ये तिचं जन्मस्थान पेनसिल्व्हेनिया लिहिलंय आणि वय ४९. म्हणजे १८०१ च्या सुमारास जन्म, याच राज्यात. नवरा आयर्लंडचा असला तरी ती इथलीच. तिच्या बापाने मृत्युपत्र केलं असेल तर त्यात लग्न झालेल्या मुलींची नावं नवऱ्याच्या आडनावाने येतात, आणि वॉशिंग्टन काउंटीची मृत्युपत्रं १७८१ पासूनची आहेत. सोमवारी तिथून सुरुवात. सूचीत बघायची आडनावं: ग्लास, ग्लाफ्स, ग्लॅप, गॅस.